तुरुंगातल्या माणसाला जगवणारा डॉक्टर : व्हिक्टर फ्रँकल

आपल्याच भागातला एक बाप आहे. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. बांधाच्या भांडणात मारामारी झाली आणि त्याचा पोरगा जिल्हा कारागृहात जाऊन बसला. कच्चा कैदी. जामीन होईना, तारखेवर तारीख पडतेय. तीन महिने झाले तरी बाप एकदाही मुलाकातीला गेला नव्हता. कारण एकच, लाज. एसटीत कुणी विचारलं कुठं निघालात, तर काय सांगायचं?

मग आतून सुटून आलेल्या एकानं निरोप आणला. पोरगा कुणाशी बोलत नाही, अंगावर चादर ओढून पडून राहतो, आपल्या वाट्याची भाकरी दुसऱ्याला देऊन टाकतो. निरोप ऐकून बाप गप्प बसला. मला मात्र एका डॉक्टरची आठवण झाली. लॉकडाऊनमध्ये त्यांचं पुस्तक वाचलं होतं. माणसानं अन्न सोडलं, जवळचं सगळं वाटून टाकलं, की त्याचा अर्थ काय होतो हे त्या डॉक्टरनं स्वतः कैदी असताना डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांचं नाव व्हिक्टर फ्रँकल. २ सप्टेंबरला त्यांची पुण्यतिथी असते आणि १० सप्टेंबरला जगभर आत्महत्या प्रतिबंध दिन पाळतात. म्हणून या आठवड्यात त्यांची गोष्ट.

शेतात भाकरी मागणारं पोर

फ्रँकल यांचा जन्म २६ मार्च १९०५ चा. गाव व्हिएन्ना, ऑस्ट्रिया देशाची राजधानी. घर ज्यू धर्माचं. वडील गॅब्रिएल सरकारी खात्यात नोकरीला, आई एल्सा घर सांभाळायची. एक थोरला भाऊ, एक धाकटी बहीण. व्हिक्टर मधले. खाऊन-पिऊन सुखी घर होतं.

पण १९१४ ला पहिलं महायुद्ध लागलं आणि सगळं बदललं. शहरात धान्य मिळेना. वडिलांचं मूळ गाव खेड्याकडं होतं, तिकडं गेल्यावर ही पोरं शेतकऱ्यांच्या दारात जाऊन भाकरी मागायची आणि शेतातली मक्याची कणसं चोरून आणायची. पुढं जगभर नाव झालेल्या या माणसाला भूक काय असते हे दहा-बारा वर्षांचं असतानाच कळलं होतं.

शाळेत असल्यापासून त्यांना माणसाच्या मनाचं कुतूहल. त्याच व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइड हे मनाच्या आजारांचे जगातले सगळ्यात मोठे डॉक्टर राहायचे. या पोरानं त्यांना पत्रं लिहिली आणि फ्रॉइडनी उत्तरंही दिली. व्हिक्टर मग डॉक्टरकीच्या शिक्षणाला गेले.

निकालाच्या दिवसात

त्या काळी व्हिएन्नात शाळेचे निकाल लागले की पोरं जिवाचं बरंवाईट करून घ्यायची. आपल्याकडं दहावी-बारावीच्या निकालाला अजूनही अशा बातम्या येतात, आम्ही पत्रकार त्या दरवर्षी लिहितो. फ्रँकल तेव्हा स्वतः शिकतच होते. १९२८ पासून त्यांनी शहरात तरुणांसाठी सल्ला केंद्रं सुरू केली. पैसे नाहीत, फी नाही. ओळखीच्या डॉक्टरांनी, शिक्षकांनी आपला वेळ द्यायचा. पोरानं यायचं, मन मोकळं करायचं. निकालाच्या दिवसात तर त्यांनी खास मोहीमच काढली. परिणाम असा झाला की कित्येक वर्षांत पहिल्यांदा एका निकालाच्या हंगामात व्हिएन्नात एकाही विद्यार्थ्यानं आत्महत्या केली नाही. मग दुसऱ्या शहरांनीही तशीच केंद्रं काढली.

यात जादू काही नव्हती. माणूस टोकाला जायच्या आधी त्याला जायला एक दार पाहिजे आणि त्या दारात ऐकणारं कुणीतरी पाहिजे. एवढीच गोष्ट त्यांनी केली.

१९३० ला ते डॉक्टर झाले. १९३३ पासून चार वर्षं व्हिएन्नाच्या मोठ्या मनोरुग्णालयात होते. तिथं जीव द्यायला निघालेल्या बायकांचा विभाग त्यांच्याकडं होता. वर्षाला सुमारे ३००० रुग्ण यायचे. कुणाला घरी सोडायचं आणि कुणाला नाही, हे ठरवायचं त्यांच्याच अंगावर. त्यासाठी ते आडवळणानं न जाता सरळ विचारायचे, की जीव द्यायचा विचार अजून मनात आहे का? नाही असं उत्तर आलं की पुढचा प्रश्न, का नाही? जिला खरंच बरं वाटायचं ती लगेच सांगायची, घरी लेकरं आहेत, अमुक काम राहिलंय. जी नुसतं सुटण्यासाठी खोटं बोलत असायची तिला या दुसऱ्या प्रश्नाला उत्तरच सापडायचं नाही. तिला मग ते ठेवून घ्यायचे.

आपल्याकडं समज आहे की असं सरळ विचारलं तर नसलेला विचार डोक्यात येईल. तसं होत नाही. उलट विचारणारं कुणी भेटलं की माणसाचा भार हलका होतो.

संगमरवराचा तुकडा

मार्च १९३८ मध्ये हिटलरच्या जर्मनीनं ऑस्ट्रिया गिळला. ज्यू लोकांवर एकेक बंधन यायला लागलं. फ्रँकल यांना ज्यू रुग्णांसाठी असलेल्या एका दवाखान्यातच काम करता येत होतं. तेव्हा नाझी सरकार मनोरुग्णांना ठार मारायचं. फ्रँकल यांनी कागदावर मुद्दाम वेगळे आजार लिहून कित्येकांना त्यातून वाचवलं. पकडले गेले असते तर जीव गेला असता.

१९४१ ला त्यांना अमेरिकेचा व्हिसा मिळाला. सुटायची वाट मोकळी झाली. पण म्हातारे आईवडील मागं राहणार होते. आपण गेलो की त्यांना छावणीत नेणार हे दिसत होतं. काय करावं कळेना. एक दिवस घरी आले तर वडिलांनी टेबलावर संगमरवराचा एक तुकडा ठेवलेला. नाझींनी पाडलेल्या प्रार्थनास्थळाच्या ढिगाऱ्यातून तो आणलेला. त्यावर एकच अक्षर कोरलेलं होतं आणि ते आईवडिलांचा मान राखा या आज्ञेतलं होतं. फ्रँकल यांनी व्हिसा तसाच जाऊ दिला. ते थांबले.

त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी टिली नावाच्या परिचारिकेशी लग्न केलं. तिला दिवस गेले, पण नाझी राजवटीत ज्यू बाईला मूल होऊ देत नव्हते. गर्भ पाडावा लागला. सप्टेंबर १९४२ ला फ्रँकल, टिली आणि आईवडील, सगळ्यांना धरून थेरेसिएनश्टाट इथल्या बंदिस्त वस्तीत नेलं.

आल्या आल्या पहिले दिवस

थेरेसिएनश्टाट म्हणजे तटबंदी असलेलं जुनं गाव. हजारो ज्यू तिथं कोंबलेले. काल घरात असलेला माणूस आज तिथं उतरायचा. ना सामान, ना ओळखीचं माणूस. धक्क्यानं माणसं बधिर व्हायची आणि पहिल्याच दिवसांत जीव द्यायला उठायची.

फ्रँकल स्वतः कैदी. पण त्यांनी तिथं माणसं जमवून एक गट उभा केला. नवीन गाडी आली की या गटानं लोकांना भेटायचं, धीर द्यायचा, इथं कसं राहायचं ते सांगायचं. रेगिना योनास या ज्यू धर्मगुरू बाई स्टेशनवरच जाऊन उतरणाऱ्यांना भेटायच्या. कुणाच्या तोंडून मरणाची भाषा आली की ती गोष्ट फ्रँकल यांच्या कानावर घालायची असा नियमच केला होता. मग ते त्या माणसाला जाऊन गाठायचे.

हे आजच्या तुरुंगालाही लागू आहे. अटक होऊन आत गेल्यानंतरचे पहिले दिवस आणि पहिले आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात. नेमकं तेव्हाच घरचे लोक रागानं नाहीतर लाजेनं लांब राहतात.

त्याच वस्तीत फेब्रुवारी १९४३ मध्ये फ्रँकल यांचे वडील वारले. शेवटच्या घडीला पोरगा जवळ होता. त्यासाठीच तर तो थांबला होता.

वाचवायला मनाई

ऑक्टोबर १९४४ ला फ्रँकल यांना ऑशविट्झला नेलं. टिलीचं नाव यादीत नव्हतं, तरी ती हट्टानं बरोबर गेली. ऑशविट्झ म्हणजे माणसं मारायचा कारखाना. उतरल्या उतरल्या दोन रांगा केल्या. एक रांग सरळ मरणाकडं जाणारी. फ्रँकल दुसऱ्या रांगेत निघाले. कोटाच्या अस्तरात त्यांनी आपल्या पुस्तकाचं हस्तलिखित शिवून ठेवलं होतं, आयुष्यभराचं काम. कोट काढून घेतला, पुस्तक गेलं. अंगावरचे केससुद्धा काढले.  त्या पहिल्या रात्री त्यांनी मनाशी ठरवलं, काही झालं तरी आपल्या हातानं आपला जीव घ्यायचा नाही.

काही दिवसांनी त्यांना जर्मनीत डाखाउच्या छावणीकडं पाठवलं. तिथं नावाच्या जागी एक नंबर आला, ११९१०४. तिथं डॉक्टर म्हणून नाही, मजूर म्हणून. थंडीत रेल्वेसाठी खोदकाम. पायात फाटके बूट, दिवसाला भाकरीचा तुकडा आणि पाण्यासारखं सूप.

या छावण्यांत एक भयंकर नियम होता. एखादा कैदी जीव देत असेल तर त्याला वाचवायला हात लावायचा नाही. लावला तर शिक्षा. म्हणजे ऐन वेळी काही करता येत नव्हतं. जे करायचं ते आधीच, माणसाच्या मनात विचार घोळत असतानाच करायला लागायचं. म्हणून फ्रँकल आणि त्यांचे सोबती खुणा ओळखायला शिकले.

एक खूण सिगारेटची. तिथं सिगारेट म्हणजे पैसा. ती दिली की सूप मिळायचं, म्हणून कुणी ओढायचं नाही. एखादा माणूस आपल्या सिगारेटी ओढायला लागला की बाकीचे समजायचे, यानं आशा सोडली. मग एक सकाळ अशी यायची की तो उठायचाच नाही. धमकी नाही, मार नाही, कशानंच हलायचा नाही. दोन दिवसांत संपायचा.

दुसरी गोष्ट तारखेची. एका सोबत्याला स्वप्न पडलं की ३० मार्चला आपण सुटणार. तो त्या दिवसाकडं डोळे लावून बसला. तारीख जवळ आली, सुटकेचं चिन्ह दिसेना. २९ ला त्याला ताप भरला, ३१ ला तो गेला. १९४४ च्या नाताळानंतरच्या आठवड्यातही छावणीत जास्त माणसं मेली. नाताळला घरी जाऊ अशी आस लावली होती, ती तुटली. कोर्टाच्या तारखेवर सगळा जीव टांगून बसलेल्या कच्च्या कैद्याच्या घरच्यांनी हे लक्षात ठेवावं. जामीन फेटाळला गेला त्या दिवशी आणि त्या आठवड्यात त्याला एकटं सोडू नये.

दोन माणसं

छावणीत दोन माणसं फ्रँकल यांच्याजवळ मरणाची भाषा बोलली. दोघांचं म्हणणं एकच, आयुष्याकडून आता काही मिळायचं राहिलेलं नाही. फ्रँकल यांनी खोटा धीर दिला नाही. उद्या सुटशील असं सांगितलं नाही, कारण ते कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी प्रश्न उलटा केला. आयुष्याकडून तुला काय मिळायचंय ते राहू दे. तुझ्याकडून कुणाला काय पाहिजे आहे?

शोधता शोधता सापडलं. एकाचं लाडकं लेकरू परदेशात त्याची वाट बघत होतं. दुसरा शास्त्रज्ञ होता. त्यानं पुस्तकांची एक मालिका लिहायला घेतली होती, ती अर्धी राहिली होती. त्या लेकराला दुसरा बाप मिळणार नव्हता आणि ती पुस्तकं दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नव्हती. आपल्यावाचून कुठंतरी अडतंय, हे ज्याला कळतं तो आपला जीव सहजासहजी फेकत नाही. फ्रँकल यांच्या सगळ्या शिकवणीचं सार हेच आहे.

बटाट्याची चोरी

एकदा एका भुकेल्या कैद्यानं कोठारातून बटाटे चोरले. अधिकाऱ्यांनी फर्मान काढलं, चोर द्या, नाहीतर अख्खी छावणी दिवसभर उपाशी. २५०० कैदी होते. चोर कोण हे काहींना माहीत होतं आणि पकडला गेला तर फासावर जाणार हेही माहीत होतं. सगळे उपाशी राहिले, नाव कुणी सांगितलं नाही.

त्या रात्री बराकीत दिवेही गेले. पोटात काही नाही, बाहेर थंडी. माणसं एकमेकांवर चिडलेली. बराकीचा मुकादम शहाणा होता. तो म्हणाला, अलीकडं जी माणसं गेली ती आजारानं कमी आणि आशा सोडल्यानं जास्त गेली, यावर काहीतरी करायला हवं. आणि त्यानं फ्रँकल यांना बोलायला उभं केलं.

फ्रँकल स्वतः थकलेले, गारठलेले, बोलायची अजिबात इच्छा नसलेले. तरी उठले. वाचायची शक्यता वीसात एक आहे हे त्यांनी लपवलं नाही. पण जे जगून झालं, जे प्रेम केलं, जे काम केलं ते कुणी हिसकावू शकत नाही, हे सांगितलं. आपल्यापैकी प्रत्येकाकडं कुणीतरी बघतंय, बायको, मित्र, जिवंत असो नाहीतर मेलेलं, त्याची मान खाली जाऊ देऊ नका, हे सांगितलं. दिवे आले तेव्हा फाटक्या कपड्यातली माणसं लंगडत त्यांच्याकडं आली. डोळ्यांत पाणी होतं.

पुढं त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केलं की असं बोलायचं बळ त्यांच्यात क्वचितच असायचं आणि कित्येक संधी हातच्या गेल्या. हे वाचलं तेव्हा मला त्यांच्याविषयी जास्तच आदर वाटला.

कोऱ्या कागदावरची सही

१९४५ च्या वसंतात फ्रँकल ट्युर्कहाइमच्या छावणीत होते. साथीचा ताप होता, त्यांनाही भरला. झोपलं की संपलो, अशी भीती. चाळिसाव्या वाढदिवसाला एका सोबत्यानं त्यांना पेन्सिलीचा तुकडा आणि चोरून आणलेले काही कागद दिले होते. रात्र रात्र जागून ते त्यावर गेलेल्या पुस्तकाचे मुद्दे पुन्हा लिहीत राहिले. त्यांचंही काम अर्धं राहिलं होतं ना! २७ एप्रिल १९४५ ला अमेरिकन सैन्य आलं आणि सुटका झाली.

व्हिएन्नाला परत आले तर घरात कुणी नाही. आई ऑशविट्झमध्ये मारली गेली होती. भाऊ गेला होता. टिली बेर्गेन-बेल्झेनच्या छावणीत गेली होती. बहीण तेवढी देश सोडून गेल्यामुळं वाचली होती.

आता जगाला जगायला शिकवणारा हा डॉक्टर स्वतः काठावर उभा होता. मित्रांना ते दिसलं. ब्रुनो पिटरमन नावाच्या मित्रानं काय केलं, तर एका कोऱ्या कागदावर त्यांची सही घेतली. मग त्यावर स्वतःच नोकरीचा अर्ज लिहून देऊन टाकला. फ्रँकल यांना दवाखान्यात विभागप्रमुखाची जागा मिळाली. दुसऱ्या मित्रांनी पुस्तक पुरं करायला मागं लागून लागून बसवलं. काम मिळालं, रोज उठून जायला ठिकाण मिळालं. छावणीच्या अनुभवाचं पुस्तक त्यांनी नऊ दिवसांत तोंडी सांगून लिहून घेतलं. १९४६ ला ते आलं आणि पुढं जगभर पोचलं. मराठीतही त्याचं भाषांतर झालेलं आहे.

१९४७ ला त्यांनी एली यांच्याशी लग्न केलं, त्यांना मुलगी झाली. २५ वर्षं तो दवाखाना सांभाळला. डोंगर चढायचा नाद होता आणि ६७ व्या वर्षी विमान चालवायला शिकले!

पुन्हा तुरुंगात

१९६६ ला अमेरिकेतल्या सॅन क्वेंटिन या कडक तुरुंगात त्यांना कैद्यांपुढं बोलायला नेलं. या वेळी पाहुणे म्हणून. ते कैद्यांना बिचारे म्हणाले नाहीत आणि राक्षसही म्हणाले नाहीत. तुम्ही माणसं आहात, चूक करायला मोकळे होता, तसेच त्या चुकीच्या वर उठायलाही मोकळे आहात, असा त्यांचा सूर होता. कैद्यांना हे फार लागलं. आधीचे लोक येऊन त्यांचं लहानपण उकरायचे, गेलेलं ते गळ्यात धोंड्यासारखं अडकवून जायचे. या माणसानं पुढचं बोलायला सुरुवात केली. मरणाची शिक्षा झालेल्या एका कैद्यालाही त्यांनी ध्वनिक्षेपकावरून चार शब्द ऐकवले.

२ सप्टेंबर १९९७ ला, वयाच्या ९२ व्या वर्षी, व्हिएन्नात फ्रँकल वारले.

आपल्याला काय करता येईल

छावणीतली माणसं निर्दोष होती. आपल्या तुरुंगातले सगळे निर्दोष आहेत असं मी म्हणत नाही. पण देशातल्या दर चार कैद्यांपैकी सुमारे तिघे कच्चे कैदी आहेत, त्यांचा निकाल लागलेलाच नाही. आणि तुरुंगात जे अनैसर्गिक मृत्यू होतात त्यात आत्महत्याच सगळ्यात जास्त असतात. ज्यानं गुन्हा केला त्यालाही कायद्यानं कैद दिलेली असते, मरण नाही.

म्हणून आपलं माणूस आत असेल तर मुलाकात चुकवू नका. लांब असाल तर ई-मुलाकातीची सोय आहे, नेट कॅफेवाल्याला विचारा. पत्र लिहा. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, मोफत वकील मिळतो. तो जेवत नाही, झोपत नाही, वस्तू वाटून टाकतो, मरणाची भाषा बोलतो असं कळलं तर त्याच दिवशी तुरुंगाच्या अधीक्षकांना आणि तिथल्या डॉक्टरांना लेखी कळवा, वकिलामार्फत कोर्टाच्या कानावर घाला. नुसत्या धीराच्या गोष्टींनी सगळं भागत नाही. मनाच्या आजाराला औषधोपचार लागतो, फ्रँकलही तो करायचे. घरातल्या कुणाच्या मनात तसा विचार येत असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर रात्री-अपरात्री कधीही फोन करा, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आता त्या बापाचं सांगतो. हे सगळं मी त्याला बांधावर बसून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, बोलला काही नाही. दोन दिवसांनी सकाळीच दारात आला, आधार कार्ड खिशात घालून. मोटरसायकलवर गेलो. आधी कार्यालयात पोराच्या तब्येतीचा अर्ज दिला, मग जाळीच्या अलीकडं हा आणि पलीकडं पोरगा. पाच मिनिटं कुणी बोलेना. मग बापानं सांगितलं की गाय व्याली, कालवड झाली. आणि विहिरीवरची मोटर उठत नाही, स्टार्टरच्या वायरी पोरानंच जोडल्या होत्या, दुसऱ्या कुणाला उमगत नाहीत, सोयाबीनला पाणी राहिलंय.

पोरानं मान वर केली. कोणती वायर कुठं, हे तो जाळीतून बोटानं दाखवून सांगायला लागला. वेळ संपल्याची हाक आली तरी त्याचं सांगणं संपलं नव्हतं. उरलेलं पुढच्या मुलाकातीला विचारायचं ठरलंय.